दरवाज्यावरचा दिवा

४ फेब्रुवारी

चि. दिवटीस,

अनेक आशीर्वाद. आधी तक्रार, मग कुशल.

आमच्या स्वयंपाकघरातलं वरचं कपाट माझ्याशी वैर धरून आहे. त्याचं दार उघडं राहतं, आणि मी चहाचं आधण ठेवायला गेलो की नेमका माझ्या कपाळाचा समाचार घेतं. तुझ्या वहिनीचं म्हणणं, दार उघडं टाकणारा मीच. हे खरं असलं तरी अप्रस्तुत आहे. प्रस्तुत पत्र कपाळावर टेंगूळ असताना लिहिलेलं आहे, तेव्हा भाषा कुठे कडक झाली तर दोष दाराकडे.

कुशल असं की वहिनीचा घोटा अजून प्लास्टरमध्येच. जगाचे गुडघे सरळ करणारी फिजिओथेरपिस्ट बाई स्वतःच्याच दवाखान्याच्या पायरीवरून घसरते आणि तरी पेशंटांना ‘जपून चाला’ म्हणायला रोज जाणारच म्हणते! त्यामुळे सकाळी तिला गाडीने सोडायचं, मग ग्रंथालयात माझ्या हस्तलिखितांपुढे बसायचं, संध्याकाळी तिला आणायचं, असा सारथ्याचा व्यवसाय उतारवयात माझ्या वाट्याला आलाय. पगार नाही. सूचना भरपूर.

आता मुख्य विषय. तू पाठवलेल्या डिस्क पोचल्या. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे मांडी घालून आपण पाहिलेली ‘अग्रस्थानक’ मालिका आता स्वतःच्या खुर्चीत बसून पाहायला मिळतेय, ह्याबद्दल तुला शंभर गुन्हे माफ. करार लक्षात आहे ना? भाग दोघांनी पाहायचा, मी भाष्य लिहायचं, तू खंडन करायचं. आणि तेही पत्रातच, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

पहिला मान ‘बाहेरचा माणूस’ ह्या भागाला. लहानपणी तो पाहून तू दोन्ही वेळा जेवली नव्हतीस आणि तुझ्या वाटचं मला मिळालं होतं, म्हणून मला तो विशेष प्रिय. अंतराळातलं एकाकी स्थानक. त्यावर चारच माणसं: कप्तानबाई, डॉक्टर, यंत्रज्ञ आणि स्वयंपाकी. दगडांचा वर्षाव जवळ येतो, बाई कळ ओढून बाहेरचा दरवाजा बंद करते, आणि यंत्रज्ञ बाहेरच राहतो. चौकशीत ती म्हणते, “तो बाहेर आहे हे मला माहीत नव्हतं.”

माझा सिद्धांत: बाई निर्दोष. रेडिओ बंद पडलाय. यंत्रज्ञ कोणाला न सांगता गेलाय. त्या दालनात तिला सावध करणारी एकही वस्तू नाही, नुसती करडी भिंत आणि दरवाजा. दिग्दर्शकाने ते दालन इतकं रिकामं ठेवलंय ते उगाच नाही. एकच दोष सांगतो. शेवटी डॉक्टर राजीनामा देऊन निघून जातो, ते कशासाठी हे लेखकालाही ठाऊक नसावं.

खंडनाची वाट पाहतो. वाक्य पुरं केलं, बघ.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. टेंगळाला बर्फ लाव आणि भाष्याला काडी लाव.

अरे, तू तो भाग पाहिलास की पेपर वाचता वाचता ऐकलास? सावध करणारी एकही वस्तू नाही म्हणे! दरवाज्याच्या वर एवढा मोठा नारिंगी दिवा आहे. कोणी बाहेर गेलं की पेटतो, आत आलं की विझतो. सुरुवातीला स्वयंपाकी कचरा फेकायला बाहेर जातो ना, तो प्रसंग काय गंमत म्हणून घातलाय? तेवढा दिवा आपल्याला शिकवायला घातलाय. आणि बाई कळ ओढते तेव्हा तो ढणढणा पेटलेला आहे. तिच्या डोक्याच्या वर. कॅमेरा मुद्दाम खाली ठेवलाय, दिवा चित्रात यावा म्हणून. मी आयुष्यभर नाटकवाल्यांचे दिवे टांगत आले, मला कळत नाही होय?

तेव्हा माझा सिद्धांत: तिला माहीत होतं. तिने मान वर केली नाही, कारण वर केली असती तर दरवाजा बंद करता आला नसता.

आणि डॉक्टरच्या राजीनाम्याचं म्हणशील तर तो त्या वेळी वरच्या सज्जात उभा आहे. कठड्याला घट्ट धरून. सगळं बघतोय, आणि चौकशीत गप्प बसतो. मग राजीनामा नाही देणार तर काय करेल? मला तर ह्या खेपेला बाईपेक्षा त्याच्यामुळेच घास गेला नाही. तुझ्या पानात वाढायला तू इथे नव्हतास, एवढंच.

तू मला डिवचायला लिहिलंयस असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर जमलंय. आमच्याकडे नव्या नाटकाची तालीम चालू आहे. नट एका जागी उभा राहत नाही आणि ओरडा मला बसतो.

वहिनीला म्हणावं, पाय उंच ठेवून बस. आणि दार लावत जा रे.

दिवटी

१९ फेब्रुवारी

चि. दिवटीस,

आशीर्वाद. तुझं खंडन वाचून मी नम्रपणे पुन्हा तो भाग लावला. शास्त्रशुद्ध पद्धतीने पाहिला. नजर कप्तानबाईंच्या चेहऱ्यावर रोखून ठेवली, कारण चेहऱ्यावर नजर असली की वरचं आपोआप दिसतंच. निष्कर्ष: भिंत आहे, करडी, स्वच्छ, सलग. दिवा नाही. सज्जा असेल, पण त्यात डॉक्टर नाही. बाईंच्या केसांवर नारिंगी झाक आहे हे कबूल. बाईमाणसाने केस रंगवले तर त्यावरून तिला खुनी ठरवू नये.

तू खोटं बोलत नाहीस, मीही बोलत नाही. मग तिसरी वाट एकच, आणि ती माझ्या रोजच्या पायाखालची आहे. ग्रंथालयात मी करतो काय? एकाच ग्रंथाच्या जुन्या प्रती शेजारी शेजारी ठेवतो. एकीत ओळ असते, दुसरीत नसते. कोणी लेखनिक गाळतो, कोणी पदरची घालतो. त्यातून मूळ काय ते ठरवायचं. तसंच इथे झालंय. ‘बाहेरचा माणूस’चे दोन पाठ आहेत! माझी प्रत जुनी आणि शुद्ध. तुझ्या प्रतीत पुढे कोणीतरी दिवा आणि डॉक्टर घुसडले, मंद प्रेक्षकांना शेवट कळावा म्हणून. रागावू नकोस, मंद हा शब्द मी शास्त्रीय अर्थाने वापरलाय. ह्यावर एक टिपण लिहावं असं मनात आहे.

बाकी यंदा दिव्यांनीच माझ्याविरुद्ध कट केलेला दिसतो. परवा वहिनीला सोडायला जाताना मोठ्या चौकात पोलिसाने अडवलं. म्हणे सिग्नल लाल होता. मी म्हटलं, साहेब, दिवा लागलेलाच नव्हता. तो वर बोट दाखवून म्हणाला, “काका, तो काय.” तोवर लागला असेल. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होती, त्यामुळे साक्षीदार नाही. पोलिसाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला एकदम स्वतःचं वय आठवलं.

कपाटाच्या दाराने काल पुन्हा हल्ला केला. आता मी त्याला अहोजाहो करतो.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र नीट वाच आणि विनोद करू नकोस.

दोन पाठ नाहीत. एकाच मूळ डिस्कवरून मी दोन्ही प्रती एका बैठकीत काढल्या, माझ्याच टेबलावर. तुझ्याकडे आहे तेच माझ्याकडे आहे. तुझं पत्र आल्यावर मीही पुन्हा पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता. तू लिहिलंयस ना, वरचं आपोआप दिसतंच? मला दिसतं, दादा. दिवा दिसतो, डॉक्टरही दिसतो.

मला आधी वाटलं तू चिडवतोयस. मग सगळं एकापुढे एक मांडलं. दिवा वर. डॉक्टर वर. कपाटाचं दार वर. सिग्नल वर. खालचं एकही तुझ्या हातून सुटलेलं नाही.

असं कर. कळ ओढायच्या जागी चित्र थांबव. खुर्चीतून बाईच्या तोंडाकडे बघ. मग ऊठ, पडद्याजवळ जा आणि दरवाज्याच्या चौकटीवरून बोट वर वर ने. बोटाकडे बघत. काय आहे ते मला कळव.

आणि काहीही असो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाबा शेवटी शेवटी ओळखीच्यांना ओळख देईनासे झाले तेव्हा आपण त्यांना शिष्ट म्हणायचो, आठवतं? दिसत नव्हतं त्यांना. ते कोणाला म्हणाले नाहीत. त्यांनाच कधी कळलं कोण जाणे.

तोवर गाडी चालवू नकोस. तू एकटा असलास तरी नको, आणि वहिनीला शेजारी घेऊन तर मुळीच नको. मला शब्द दे.

दिवटी

४ मार्च

चि. दिवटीस,

आशीर्वाद. तू जिंकलीस. दिवा आहे. नारिंगी आहे. टिपण रद्द.

एवढं घाबरण्यासारखं काही नाही. चष्म्याची काच वरच्या बाजूला मळलेली होती, पुसून घेतली. नंबरही बदलला असेल. ह्या वयात बदलतो. ग्रंथाचा खंड छपाईला गेला की दाखवून घेईन, तोवर इथून हलता येत नाही. गाडी सावकाश चालवतो. मागचे लोक भोंगे वाजवतात इतकी सावकाश. वहिनीला ह्यातलं काही कळवू नकोस, तिला पायाचाच व्याप पुरेसा आहे.

पुढच्या भागाकडे वळू. ‘निळी वेल’ मला पूर्वी भाबडा वाटायचा. ह्या खेपेला लक्षात आलं की वेल स्थानकभर पसरते ती स्वयंपाक्याच्या मायेमुळे, हा लेखकाचा फार सूक्ष्म विचार आहे. तो तिला रोज उरलेलं पाणी घालतो, तिच्याशी बोलतो, आणि बाकीचे तिघं तिला उपटायला निघतात. ह्यावर मी पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. तू नवऱ्याला आणि त्या एका जागी उभा न राहणाऱ्या नटाला माझा नमस्कार सांग.

दादा

८ मार्च

दादा,

शब्द मागितला होता, तू मला वेल पाठवलीस.

मी आज वहिनीला सगळं लिहितेय. माझ्याशी बोलणं टाकायचं असेल तर टाक. हे पत्र आधी पोचलं तर गाडीची किल्ली स्वतःहून तिच्या हातात दे.

दिवटी

१९ मार्च

प्रिय वन्सं,

(ही हाक तुला आवडत नाही म्हणून मुद्दाम. तुझा राग आलाय हे कळायला काहीतरी हवं ना. संशय आला तेव्हाच मला का नाही लिहिलंस?)

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच व्हायचं ते झालं. कोणाला लागलेलं नाही, आधी तेच वाच. तोच मोठा चौक. आम्ही काहीतरी बोलत होतो, रेडिओच्या आवाजावरून वाटतं. समोर लाल आणि ह्याने गाडी तशीच पुढे घातली. मी ओरडले. डावीकडून काचेची मोठाली तावदानं लादलेला टेम्पो आला, त्याने करकचून ब्रेक मारले. माझ्या खिडकीपासून इतका जवळ की मला काचेत माझंच तोंड दिसलं. टेम्पोवाला खाली उतरला, शिव्या देणार होता. तुझ्या दादाचं तोंड बघून म्हणाला, “बाजूला घ्या गाडी, पाणी प्या.” हा म्हणत होता, “लाल नव्हता गं. लाल असता तर मी थांबलो नसतो का?” तो खोटं बोलत नव्हता, तेच मला सहन होईना.

किल्ली मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, आणि मी ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं.

डॉक्टरकडे गेलो. एका अर्ध्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला प्रकाश चमकला की बटण दाबायचं. मी मागे बसले होते. बराच वेळ बटणाचा आवाजच नाही. मग हा आतूनच म्हणाला, “चालू करा, मी तयार आहे.” ती यंत्रावरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. यंत्र केव्हाचं चालू होतं.

काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. वरचा बराच भाग गेलाय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब. जन्मभर, वेळच्या वेळी. डॉक्टर म्हणाले, भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. तू ह्याच आठवड्यात जा. माळ्यावर चढून दिवे टांगणारी बाई आहेस, मला ‘बघू’ हे उत्तर नको.

तो विनोद करतो. थेंबांना अभिषेक म्हणतो. पण ग्रंथालयात एकदाच गेला, दुपारीच परत आला, आणि त्यानंतर गेलेला नाही. खंड पुढे ढकललाय म्हणाला, त्याचीच काळजी आहे म्हणाला. मला ते पुरेसं वाटत नाही. मला तो सांगत नाहीये. तुला सांगेल. विचार.

तुझी वहिनी

२८ मार्च

चि. दिवटीस,

आशीर्वाद. तू तपासणी केलीस आणि काही निघालं नाही हे वाचून मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं, मग काढून पुन्हा वाचलं. दरवर्षी करत जा. हा सल्ला नाही.

वहिनीच्या पायाचं प्लास्टर निघालं. आता आम्ही दोघं कुठेही जायचं तर बसने जातो, ती लंगडत आणि मी तिच्या दंडाला धरून. बघणाऱ्याला वाटत असेल की मी तिला आधार देतोय. आम्ही तो गैरसमज दूर करत नाही.

तू सरळ विचारलंस, ग्रंथालयात काय झालं. सांगतो.

जुने लेखनिक लिहिताना एखादा शब्द विसरले तर तो ओळीच्या वर, बारीक अक्षरात घालत. पानाच्या वरच्या समासातही घालत. मी गेली काही वर्षं एक प्रत तपासतोय आणि जागोजागी नोंद केलीय की ह्या प्रतीत हे शब्द नाहीत. त्या दिवशी जाऊन मी काही पानं काढली आणि भिंगाखाली बोट वर वर नेत पाहिली, तू सांगितलंस तशी. बऱ्याच ठिकाणी शब्द आहेत. त्या बिचाऱ्याने स्वतःची चूक दुरुस्त केली होती, आणि मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. एका टिपेत तर त्याच्या आळसावर कोटीसुद्धा केलीय. ती चांगली साधली होती, हे दुःख वेगळं.

हे निस्तरता येईल. माझ्या जागी दुसरं कोणी ती प्रत पुन्हा वाचेल, खंड उशिरा निघेल, लोक चार दिवस बोलतील. कप्तानबाईंचा खटलाही मी सोडून दिलाय. न्यायाधीश म्हणून बसायला मी लायक राहिलो नाही, तू हवा तो निकाल दे.

आता जे वहिनीला सांगितलं नाही ते. मला वाटायचं, दिसेनासं होतं म्हणजे काळोख येतो. कडेला काहीतरी काळं, धूसर, निदान एखादा डाग. तसं काहीच नव्हतं. मला भिंत दिसत होती, सलग. चौकात रस्ता मोकळा दिसत होता. मी पोलिसाला सांगितलं ते मला दिसलं तेच होतं. जिथे काही दिसत नव्हतं तिथे माझ्या डोळ्यांनी आपल्या पदरचं भरलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही.

डॉक्टर म्हणतात थेंबांनी उरलेलं बहुतेक टिकेल. ते चांगले गृहस्थ आहेत. ‘बहुतेक’ म्हणताना त्यांनी कागदाकडे पाहिलं. वहिनी रोज विचारते, आज कसं दिसतंय? मी म्हणतो, स्वच्छ. स्वच्छच दिसतं गं. आणखी गेलं तरी स्वच्छच दिसेल. मी तिला तेच उत्तर देईन, मनापासून देईन, आणि ते खोटं असेल. तिच्या शेजारी रस्ता ओलांडताना माझ्या मनात हेच असतं. जे आणखी जाईल ते मला कळणार नाही. मला भीती वाटते.

तुझा,
दादा